मडमच्या बॉनेटवरचा हात

दिनांक २२ सप्टेंबर २०२५, सोमवार, घटस्थापना. अक्कलकोट रस्त्यालगतच्या जुन्या गोदामासमोर उभ्या असलेल्या हिरव्या बेडफर्ड लॉरीच्या पुढच्या काचेवर सकाळी महापालिकेचा एक छापील कागद चिकटवण्यात आला. त्यावर ‘टाकून दिलेले वाहन’ असे शब्द असून, मालकाने ते त्वरित न हलवल्यास उचलून भंगारात काढले जाईल, असे बजावले आहे. चिकटवणाऱ्यांनी गोदामाच्या दाराशी बसलेल्या माणसाला एका शब्दाने काही विचारले नाही. खळ मात्र इतकी सढळ वापरली की ती काचेवरून ओघळून वायपरपर्यंत आली. याबाबत दोन गोष्टी नोंदवून ठेवणे भाग आहे. पहिली, ही गाडी कोणी टाकून दिलेली नाही. दुसरी, ही गाडी रस्त्यात आलेली नाही. ती गोदामाच्या अंगणात उभी होती. रस्ता दोनदा रुंद झाला, कुंपण गेले, कडुनिंब गेला, आणि रस्ताच तिच्या चाकांपर्यंत चालत आला.

गोदामाच्या दाराशी बसलेला तो माणूस म्हणजे शिवशरण. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, कंबर किंचित वाकलेली, डोळे अजून लांबचे पाहणारे. घाटातल्या वळणापलीकडून काय येते आहे याचा अदमास घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे डोळे असे राहतात. कागद लावणारे निघून गेल्यावर त्याने बादली आणली, फडके भिजवले आणि काच पुसायला घेतली. कागद निघाला नाही. तेव्हा त्याने कागदाच्या भोवतीची सगळी काच स्वच्छ केली आणि कागद तसाच ठेवला.

“काय लिवलंय?” आतून सुंदरम्माने विचारले. ती त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारे गेले. तेव्हापासून तिची खाट दाराच्या तोंडाशी, लॉरी दिसेल अशी टाकलेली.

“काय न्हाय. जाहिरात हाय.”

“जाहिरात पुसायला इतका येळ लागतोय व्हय?”

शिवशरणने फडके पुन्हा पिळले. खोटे बोलणे त्याला कधीच नीट जमले नव्हते, आणि खोट्यावाचून सुंदरम्माचे कधी अडले नव्हते.

ज्यांना आजचे दहा-बारा चाकी राक्षसच ठाऊक आहेत, त्यांना या लॉरीचे रूप सांगून पटायचे नाही. पुढे लांब नाक, नाकाच्या दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड, कपाळावर पिवळ्या अक्षरांत कंपनीचे नाव, बंपरला टांगलेली पाण्याची छागळ. सुटे भाग विलायतेहून यायचे आणि आपल्याकडे जोडले जायचे, म्हणून ड्रायव्हर मंडळींनी तिचे नाव ठेवले होते मडम. विजापूर वेशीजवळच्या एका लाइनीकडे, म्हणजे मालवाहतूक कंपनीकडे, लेलँड होत्या. त्यांना पैलवान म्हणत. चाटी गल्लीतल्या एका पेढीने कॉमर आणल्या होत्या. त्या इतक्या ओरडत की त्यांचे नाव कागदावर लिहिण्याजोगे नाही. या गाड्यांनी सोलापूरची चादर हैदराबादेला नेली, परतताना तांदूळ आणि मिरची आणली. गिरण्यांच्या भोंग्यावर जगलेल्या या शहराला हे भोंगे बरोबर आठवतात. गाठी कोणी वाहिल्या, ते मात्र आठवत नाही. अधूनमधून जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते. संस्थानिकांच्या मोटारींना हार पडतात, त्यांच्यासमोर छायाचित्रे निघतात. माल वाहिलेल्या लॉरीला या शहरात एकच मान ठरलेला आहे, तो भंगारवाल्याच्या काट्यावरचा.

मडम मडिवाळप्पांची होती. मडिवाळप्पा मालवाहतूक, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘अप्पांची लाइन’, हे गोदाम त्यांचेच. अप्पा धोतर नेसत, कपाळी विभूती लावत आणि शिव्या कानडीत देत. त्यांच्या लाइनीचा एक रिवाज होता, जो दुसऱ्या कोणत्याही लाइनीत नव्हता. माल भरून झाला, मागचा फाळका लागला, ताडपत्री आवळली की अप्पा पायऱ्या उतरून येत आणि बॉनेटवर उजवा तळहात ठेवत. इंजिन सुरू असे. अप्पा डोळे मिटून उभे राहत. कधी क्षणभर, कधी इतका वेळ की क्लीनर कंटाळून जाई. त्यांनी हात काढला की गाडी निघायची. काढला नाही, तर निघायची नाही. एकदा हैदराबादेची तातडीची खेप त्यांनी अशीच रोखली होती. “हिला बरं वाटत न्हाय,” एवढेच म्हणाले. व्यापारी चिडला, हमाल हसले. उघडून पाहिले तर पंख्याचा पट्टा शेवटच्या धाग्यावर होता. त्यानंतर हसायचे कोणी धाडस केले नाही. खरे तर पुढे कितीतरी वेळा अप्पांचा अंदाज चुकलाही. पण ते कोणी ध्यानात ठेवले नाही.

शिवशरण या लाइनीत क्लीनर म्हणून आला आणि मडमचा ड्रायव्हर झाला. नळदुर्गच्या घाटात गिअर उतरवताना तिचा क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा दाबला तर ती रागाने करकरायची. शिवशरणचे लग्न अक्कलकोटला झाले, तेव्हा वऱ्हाडाची मोटार ऐनवेळी बंद पडली आणि सुंदरम्मा सोलापुरात आली ती मडमच्या केबिनमध्ये बसून. पायाखालचा पत्रा इंजिनाने इतका तापला की तिच्या बोटांतली नवी जोडवी चटके देऊ लागली. नवऱ्याशी बोलायची तर लाज, आणि पाय ठेवायला जागा नाही. शेवटी तिने दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. शिवशरणला वाटले, बायको रुसली. पुढे वर्षानुवर्षे ती हा किस्सा सांगायची आणि शेवटी म्हणायची, “सासरी पाय टाकायच्या आदी सवतीनं डाग दिला.”

लाइन बंद झाली तेव्हा मोठा गाजावाजा झाला नाही. गिरण्या थंडावल्या, मोठे ट्रक आले, अप्पांची मुले पुण्याला आणि बंगळूरला गेली. बाकीच्या गाड्या विकल्या गेल्या. मडम शेवटची राहिली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला अप्पा काठी टेकत अंगणात आले. हळदकुंकू झाले, नारळ फुटला. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने शिवशरणचा तळहात धरून स्वतःच्या हाताशेजारी टेकवला. मग आपला हात काढून घेतला. शिवशरणचा तिथेच राहिला.

“आता तुझी,” अप्पा म्हणाले. “कागद मागनं करू.”

चूक झाली असेल तर ती इथे झाली, आणि ती दोघांचीही आहे. त्या अंगणात हात ठेवणे हीच नोंद होती. मालकाने दिली, ड्रायव्हरने घेतली, सूर्य डोक्यावर होता, सगळ्या गल्लीने पाहिले. अजून काय करायचे, हे त्या दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही. मार्गशीर्षात अप्पा वारले. त्यामुळे आज सरकारदरबारी मडमची मालक एक बंद पडलेली कंपनी आहे, आणि बंद कंपनीच्या वतीने उभे राहून बोलायला कोणी नाही. अप्पांच्या मुलांनी शिवशरणला गोदामाच्या खोलीत राहू दिले, हे त्यांचे उपकार मानले पाहिजेत. लॉरीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “काका, ती तुमचीच ना.” त्यांनाही हाताचाच हिशेब ठाऊक.

इंजिन बंद होऊन बरीच वर्षे झाली. तरी शिवशरण रोज सकाळी मडमभोवती एक फेरी मारतो. काच पुसतो, छागळीत पाणी भरतो. ठराविक दिवसांनी जॅक लावून एकेक चाक उचलतो आणि थोडेसे फिरवून पुन्हा टेकवतो. उभ्या गाडीचे चाक एकाच जागी बसले की टायरला तिथे खळगा पडतो आणि मग तो कायमचा राहतो, हे जुन्या ड्रायव्हरांचे शिक्षण. सुंदरम्मा अंथरुणाला खिळली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की पेशंटला एका कुशीवर ठेवू नका, पाठीला जखमा होतील. शिवशरणने नुसती मान हलवली. नातेवाइकांना वाटले, म्हाताऱ्याला समजले नाही. त्याला पुरते समजले होते. त्या दिवसापासून आजतागायत सुंदरम्माच्या पाठीला जखम झालेली नाही.

“आदी मला फिरवा, मग तिला,” ती रोज म्हणते.

“तिचा नंबर उद्या हाय.”

“मग आज सगळा मान माझा की.”

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सुंदरम्माने पुन्हा विचारले, “ती जाहिरात कसली हाय, सांगा आता.” शिवशरणने सांगितले. तिने मडमकडे पाहिले. मग म्हणाली, “झेंडू आना उद्या. लई आना.”

खंडेनवमीला, बुधवारी एक ऑक्टोबरला, शिवशरणने मडमला धुतले. कपाळाला हळदकुंकू, आरशांना हार, चाकांपुढे लिंबे. रेडिएटरच्या जाळीत त्याने एकेक फूल खोवले. नारळ फोडून तो पाणी शिंपडत होता, एवढ्यात क्रेन आली. सणाआधी रस्ते मोकळे करावेत असा वरून हुकूम होता म्हणे. हुकूम देणाऱ्याने दिनदर्शिका पाहिली नसावी, किंवा पाहूनच दिला असावा. क्रेनबरोबर मोटारसायकलवरून एक पर्यवेक्षक आला होता. तरुण, शिकलेला आणि घाईत.

“आजोबा, बाजूला व्हा. नोटीस लावली होती ना?”

“व्हय, लावली हुती. पर साहेब, गाडी माजी हाय.”

“कागद दाखवा.”

“अप्पांनी हात दिला हुता.”

“कसला हात?”

शिवशरणने सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबला. आपले बोलणे या मुलापर्यंत पोहोचत नाही, हे त्याला दिसत होते. तेवढ्यात खाटेवरून सुंदरम्माचा आवाज आला.

“ओ साहेब. टाकून दिल्याली म्हंता व्हय तिला? मग मला बी लिवा की त्या कागदावर. मी बी तिच्यासारखी एका जागी पडल्याली हाय. ह्यो मानूस आमा दोगींना फिरवतोय. टाकून दिल्यालीला कोन फिरवत बसतंय?”

पर्यवेक्षकाने वळून पाहिले. खाट, म्हातारी, तिच्या उशाशीही झेंडूची दोन फुले.

“आन एकीला न्यायचंच आसंल,” ती म्हणाली, “तर मडमला न्या. मी तिच्या मागनं आले, पर मलाच ठेवा.”

क्रेनवरचा ड्रायव्हर मोठ्याने हसला. त्याचे नाव बिरुदेव, मंगळवेढ्याकडचा. पर्यवेक्षकालाही हसू आले, पण त्याने ते आवरले आणि साखळी लावायची खूण केली. बिरुदेव खाली उतरला.

शिवशरणने आता हात जोडले नाहीत, आडवाही गेला नाही. त्याने फक्त बाजूला सरकून जागा दिली. “न्यायचीच हाय तर ने बाबा,” तो म्हणाला. “पर आमच्या लाइनीत हात ठेवल्याबिगर गाडी हालत न्हाय. आदी हितं हात ठेव.”

“मी?”

“तूच नेनार न्हवं?”

बिरुदेवने साखळी खाली ठेवली, तळहात पॅन्टला पुसला आणि बॉनेटवर टेकवला. उन्हाने पत्रा उबदार झाला होता. बोटांना ओले कुंकू लागले. “आन काढायचा कवा, आबा?”

“गाडी नीट वाटली म्हंजी.”

रस्त्यावरून वाहने जात होती. बिरुदेव तसाच उभा राहिला. नंतर त्याने सांगितले की त्याला खरोखर काही जाणवले नाही. फक्त आपल्या क्रेनला सकाळी आपल्या बायकोने घातलेला हार तेवढा डोळ्यांपुढे आला. त्याने हात काढला, साखळी उचलून परत क्रेनवर टाकली.

“काय झालं?” पर्यवेक्षक म्हणाला.

“साहेब, आज पूजल्याली हत्यारं चालवायची नसत्यात. मी क्रेन हितवर आनली ती बी चूकच. तुमच्या मोटारसायकलला सुदीक हार हाय की.”

पर्यवेक्षकाने आपल्या गाडीकडे पाहिले. हँडलला झेंडूचा हार होता, आणि तो त्याच्या आईने घातलेला असावा, कारण तो वाकडा बांधला होता तरी त्याने सरळ केला नव्हता.  मग आवाज खाली आणून म्हणाला, “आजोबा, मी लिहून देऊ शकत नाही की ही तुमची आहे. कागद नाही. पण ही टाकून दिलेली नाही, हे गल्लीतल्या, बाजारातल्या लोकांनी समोर उभं राहून सांगितलं, तर तसा पंचनामा करता येतो. पंधरा तारखेला मी परत येतो. लोक आणा.”

तो गेला. शिवशरण खाटेशी येऊन बसला. सुंदरम्मा म्हणाली, “कोन येतंय वो आता? वळखीचं सगळं गेलं की.”  त्याने तिला हलकेच दुसऱ्या कुशीवर केले, पाठीमागे उशी लावली आणि लॉरी दिसेल अशी मान वळवून दिली.

तिचा प्रश्न या शहराला आहे. ज्यांच्या दुकानात अप्पांच्या लाइनीने माल उतरवला, ज्यांच्या घरची चादर मडमच्या हौद्यातून गेली, ज्यांच्या वडिलांनी या लॉऱ्यांवर हमाली केली, चाक धरले किंवा नुसता रस्त्याकडेला हात केला, त्या सर्वांना ही मागणी आहे. बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजता अक्कलकोट रस्त्यावरील जुन्या गोदामासमोर हजर राहा. भाषण नको, हार नको, छायाचित्रे नकोत. बॉनेटवर हात ठेवा आणि पंचनामा करणाऱ्यासमोर मोठ्याने सांगा की ही गाडी टाकून दिलेली नाही.