वृंदाकाकूंना हरवायचं होतं

नंदकुमार वझलवार स्वस्थ बसलेला मला आठवत नाही. आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावात आमच्या दोन घरांची भिंत एकच आहे. नऊ वर्षं मी त्याला बघते आहे, पण हा माणूस चहासुद्धा उभ्याउभ्या पितो. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी करायची, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवून यंत्रांमधून फिरायचं. घरी आला की पुन्हा स्वयंपाकघर ते पुढचं दार आणि पुढचं दार ते स्वयंपाकघर. रेडिएटरवर, खुर्च्यांच्या पाठींवर, जिन्याच्या कठड्यावर कपडे वाळत घातलेले असतात, त्यांना चुकवत तो येरझाऱ्या घालतो. त्याची बायको स्वप्नाली म्हणते, आमचं कार्पेट याच्या रस्त्याने झिजलंय. मी स्वतः काही शांत बाई नाही, चिडकी म्हणूनच ओळखली जाते, तरी त्याच्याशेजारी मला आपण फार सात्त्विक आहोत असं वाटतं.

अशा माणसाने कादंबरी लिहायला घेतली. तीही डिटेक्टिव्ह, आणि तीही भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर ऐन ऑगस्टच्या उन्हात घडणारी. बेटाचं नाव त्यानेच ठेवलं होतं, कारण भूमध्य समुद्र त्याने नकाशाबाहेर कधी पाहिला नव्हता. इथले लोक ऊन खायला स्पेनला जातात. याची सगळी रजा मात्र नागपूरला खर्च होते, तीही जुलैत नाहीतर नाताळात, कारण मुलीची, तन्वीची, शाळा तेव्हाच बंद असते.

"अरे, मग नागपूरवरच लिही की," मी म्हटलं. "ऊन काय कमी आहे तिथे?"

"नागपूर आईला पाठ आहे गं ज्ञानदा. दहाव्या पानावर पकडेल मला. हे बेट तिच्या ओळखीचं नाही."

सगळी गोम या आईत होती. वृंदाकाकू नागपूरला एकट्या राहतात. शाळेत गणित शिकवत असत, आता निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. त्यांना रहस्यकथांखेरीज दुसरं काही वाचलेलं चालत नाही. तीन वर्षांपूर्वी दोन महिने इथे राहून गेल्या, तेव्हा भर जुलैत शाल पांघरून त्यांनी माझ्याकडची सगळी पुस्तकं संपवली आणि परत देताना प्रत्येकाबद्दल सांगितलं की खुनी कितव्या पानावर कळला. त्यातली दोन मला अजून वाचायची होती. माझा जळफळाट झाला, पण बोलणार काय?

नंदकुमारचे वडील तो आठ वर्षांचा असताना गेले. घरात दोघंच उरली. संध्याकाळी घर फार मोठं वाटायचं, असं तो एकदा म्हणाला होता. तो वेळ भरून काढायला काकूंनी एक खेळ काढला. वाचनालयातून रहस्यकथा आणायची, दोघांनी वाचायची. पुस्तक निम्मं झालं की खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवायची. पुस्तक संपलं की चिठ्ठ्या उघडायच्या. काकूंची चिठ्ठी कधी चुकली नाही. याची बहुतेक वेळा चुकायची. चाळीस वर्षांच्या माणसाच्या डोक्यात अजून तेच होतं की एकदा, फक्त एकदा, आईची चिठ्ठी चुकली पाहिजे. त्यासाठी ही कादंबरी. अकरा वर्षांत तिची तीन प्रकरणं झाली होती.

गेल्या नोव्हेंबरात नागपूरहून फोन आला. काकूंचा डावा डोळा आधीच गेल्यात जमा होता. आता उजव्या डोळ्याच्या पडद्यावरही डाग पसरत होता. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली होती. डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिने भिंगाने वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. नंदकुमारने पुस्तकं ऐकायचं अ‍ॅप सुचवलं, मी वाचून पाठवतो म्हणाला. काकूंनी ते उडवूनच लावलं. "रहस्यकथा काय कीर्तन आहे ऐकायला? संशय आला की मागचं पान उलटून पाहता आलं पाहिजे."

म्हणजे मे उजाडायच्या आत कादंबरी त्यांच्या हातात पडायला हवी होती. नंतर पडून उपयोग नव्हता.

ते सहा महिने आम्ही सगळ्यांनी भोगले. चार दिवस कामाला, चार दिवस सुट्टी असा त्याचा फेरा असतो. सुट्टीच्या चारही दिवशी तो ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने टाइप करायचा, मध्येच माझं दार वाजवायचा. "ज्ञानदा, माणूस पोहत गेला तर चपला कुठे ठेवेल?" मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि हा दारात पावसात उभा, चपलांची चिंता करत. एकदा मी ओरडलेच, "पायात ठेवेल, नाहीतर डोक्यावर ठेवेल, तू जा!" दुसऱ्या दिवशी स्वप्नालीने ढोकळा पाठवला, बहुतेक माफी म्हणून.

कथा चांगली होती, हे कबूल करायला हवं. ऑलिव्हच्या तेलाचा एक म्हातारा व्यापारी, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर त्याची होडी. दुपारी दीडला, सगळं बेट उन्हाने झोपलेलं असताना, होडीवर त्याचा खून होतो. सगळे म्हणतात आम्ही झोपलो होतो. संध्याकाळी सातला जाडजूड, घामाघूम झालेला इन्स्पेक्टर घराच्या अंगणात येतो आणि दोरीवरचा जावयाचा शर्ट सहज बाजूला सारतो. शर्ट ओला असतो. एकतिसाव्या पानावर एवढं एकच वाक्य. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर सांगतो की तो ओलेपणा दुपारच्या समुद्राचा होता. जावईच पोहत होडीवर गेला होता.

आम्ही तिघांनी ती वाचली. शुद्धलेखन मी तपासलं. स्वप्नालीने प्रकरणं पुढेमागे करायला लावली. माझा नवरा गिरीश सहसा काही वाचत नाही, तोसुद्धा शर्टापाशी थांबून म्हणाला, "काय डोकं चालवलंय यार! समोर ठेवलंय आणि दिसत नाही."

मग छपाई. काकूंना दिसावं म्हणून अक्षर बोटाच्या पेराएवढं केलं, तशी चारशे दहा पानं झाली. हातात जड होऊ नयेत म्हणून चार भाग केले. माझ्या प्रिंटरने त्यात जीव सोडला. एप्रिलच्या शेवटी गिरीशचा एक मित्र नागपूरला निघाला होता, त्याच्या बॅगेतून चारही भाग गेले.

त्यानंतरचे सतरा दिवस विचारू नका. रोज सकाळी नऊला, म्हणजे तिकडे दुपारी दीडला, हा आईला फोन करायचा. किती पानं झाली? आज का फक्त वीस? काकू म्हणायच्या, होऊन राहिलं, घाई काऊन करतो. चिठ्ठी लिहिली का? लिहिली. कोणाचं नाव? ते काय आता सांगायचं असतं का? हा फोन ठेवायचा आणि चालायला लागायचा. कामावर जाताना गाडीची किल्ली घरी, घरी येताना डबा कामावर. डोळ्यांनी दगा दिला तर, हे त्याच्या मनात होतं. दोनशे पानांवर अडकली आणि पुढे दिसलंच नाही तर? मला हे त्याने कुंपणापलीकडून सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले नाही.

अठराव्या दिवशी, रविवारी, मी ढोकळ्याचा डबा परत द्यायला त्यांच्याकडे गेले होते. तेवढ्यात काकूंचाच फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"संपली रे नंदू."

"चिठ्ठी?"

"उघडली. मारिया लिहिलं होतं मी. स्वयंपाकीण."

स्वप्नालीने टाळ्या वाजवल्या. नंदकुमार दोन्ही हात वर करून घरभर पळाला, वाटेतली खुर्ची कपड्यांसकट आडवी झाली. "हरलीस! आई, हरलीस तू! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा!"

"हरले बाप्पा," काकू हसल्या. "छान लिहिलं. पण मला एक सांग, तो शर्ट कोणी भिजवला?"

"भिजवला नाही कोणी. दुपारी पोहताना भिजला ना. तोच पुरावा आहे."

"दीड वाजता भिजला?"

"हो."

"आणि सातपर्यंत ओलाच?"

"हो ना. अंगणात दोरीवर."

काकू वर्गातल्या मुलाला समजावावं तशा म्हणाल्या, "अरे, ऑगस्टचं ऊन म्हणतो तू. फरशीवर पाय भाजतात म्हणतो. तशा उन्हात शर्ट अर्ध्या तासात खडखडीत वाळते. मी म्हटलं, सातला ओला आहे म्हणजे कोणीतरी साडेसहाला मुद्दाम भिजवला, जावयाला अडकवायला. तेव्हा घरात होती मारिया. म्हणून तिचं नाव लिहिलं."

नंदकुमार नागपूरचा. स्वप्नाली चंद्रपूरची. गिरीश जळगावचा आणि मी अकोल्याची. एकाहून एक तापणारी गावं. लहानपणी गच्चीवर चादर पसरून खाली येईपर्यंत ती वाळायची, हे आम्हा चौघांनाही ठाऊक. तो शर्ट चौघांच्याही नजरेखालून गेला आणि एकालाही खटकला नाही. इथे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, शेवटी गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, हॉट प्रेसमध्ये, कोंबावे लागतात. आम्हाला तेच खरं वाटायला लागलं होतं.

"तू ऊन विसरला काय रे?" काकूंनी विचारलं. टोमणा नव्हता, खरोखरच विचारलं. "मे महिन्यात किती वर्षांत नाही आला?"

"चौदा," तो म्हणाला.

"असू दे. तन्वीची शाळा असते ना तेव्हा."

आईने मुलाच्या वतीने कारण पुढे केलं. नंदकुमार जॅकेट न घालता बाहेर पडला. मी छत्री घेऊन मागे गेले. नदीच्या पुलावर पोचल्यावर तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत फिरतो, मी नागपूरचा. मला लाज वाटते गं."

मी एरवी काहीतरी टाकून बोलले असते. त्या दिवशी छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

त्याने दोघांशी पाळ्या बदलून घेतल्या, उरलेली रजा जोडली आणि चौथ्या दिवशी दोहामार्गे नागपूरला पोचला. कादंबरी दुरुस्त करून आईला पुन्हा द्यायची, असं ठरवून गेला होता. लॅपटॉप पिशवीत होता.

सहा दिवसांनी त्याचा फोन आला. मी कामाला बसतच होते.

"ज्ञानदा, आई उन्हाळ्यात एकाच खोलीत राहते," तो म्हणाला. "दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एक कूलर. त्यात पाणी शेजारच्या मंगलाताई भरतात, हिला बादली उचलत नाही. हे मला माहीत नव्हतं. कसं नव्हतं माहीत? रोज फोन करतो मी."

मी लॅपटॉप मिटला.

"त्या अंधारात तिला अक्षर दिसत नाही. बाहेर बसवत नाही. म्हणून ती पहाटे साडेपाचला गॅलरीत बसायची. सातपर्यंत. तेवढ्यातच वाचायची, भिंग धरून. सतरा दिवस. आणि मी दुपारी दीडला फोन करून विचारायचो, आज का फक्त वीस पानं."

"आता कशा आहेत डोळे?"

"काल डॉक्टरकडे नेलं. आता वाचन संपलं म्हणाले. म्हणजे माझं पुस्तक शेवटचं." मागे त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. "शेवटचं पुस्तक वाचलं तिने, आणि ते चुकीचं होतं. मी म्हटलं, आई, निदान ते पान तरी बदलतो. तर म्हणे, कोणासाठी?"

त्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही. कूलरमध्ये पाणी भर म्हटलं असेन, असलंच काहीतरी. त्याने रजा वाढवून मागितली आहे, स्वप्नाली आणि तन्वी शाळा बुडवून पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.

फोन ठेवला तेव्हा नऊ वाजत आले होते. अकोल्यात दीड. माझी आई अकोल्यात असते, भाऊ पुण्याला. मी दर रविवारी तिला फोन करते, तोही संध्याकाळी, माझ्या सोयीने. त्या दिवशी मंगळवार होता. लॉगिन करायचं सोडून मी फोन लावला.

बराच वेळ रिंग वाजली. मग आईने उचलला, मागे कूलरची घरघर ऐकू आली.

"आई, दुपारी तू काय करतेस गं?" मी विचारलं.

ती घाबरलीच. "काऊन? काय झालं? तुला बरं नाही का?"