बाहेरून बी.ए.

त्या काळी आमच्या भागात बी.ए. दोन प्रकारचं असे. एक कॉलेजातलं, दुसरं बाहेरून. पेपर तेच, तपासणारेही तेच. पण ‘बाहेरून’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, जणू आपण लग्न न लावता नुसते पंगतीला येऊन बसलो.

मी आणि माझा एक सोबती मेढ्याच्या वरच्या अंगाला, दोन वेगळ्या वाड्यांवर, प्राथमिक शाळेत मास्तर होतो. दोघांत मिळून पुस्तकांचा एकच संच घेतला होता. सोमवारच्या एसटीनं पुस्तक कंडक्टरच्या हाती माझ्याकडे यायचं, गुरुवारी त्याच्याकडे परत जायचं. तो समासात पेन्सिलीनं टिपणं काढायचा आणि मी ती पाठ करायचो. खरं सांगायचं तर मी त्याच्याच डोक्यानं पास झालो. तो सेकंड क्लास, मी काठावर.

परीक्षेचं केंद्र सांगलीच्या एका मोठ्या कॉलेजात होतं. तिथली पोरं आम्हा मिशीवाल्यांना बघून “काका आले” म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा. मला मात्र ते झोंबायचं.

पुढे कराडजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिक्षकाची जागा निघाली. जागा एकच. “ज्याला लागंल त्याला लागंल गड्या,” असं म्हणत त्यानं माझाही अर्ज स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून दिला. मला ती नोकरी हवीच होती. बायकोला सातवा महिना होता, आणि पावसाळ्यात आमच्या वाडीचा ओढा भरला की दवाखाना म्हणजे देवाचं नाव.

मुलाखतीला आधी त्याला बोलावलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाकावर बसून मला सगळं ऐकू येत होतं. संस्थेचे अध्यक्ष उसाचे बागायतदार, स्वतः सातवी पास, पण शिक्षणाबद्दल फार ठाम.

“कालेज कुठलं म्हणायचं?”

“कालेज न्हाई साहेब. नोकरी करत बाहेरून केलं.”

“बाहेरून म्हंजी? पोस्टानं?”

आत हशा झाला. “पेपर त्येच असत्यात, आवं,” तो शांतपणे म्हणाला. “बरं बरं. बाहेर बसा,” अध्यक्ष म्हणाले. पुढे एकही प्रश्न नाही. इतिहासातला तर नाहीच.

मग मी आत गेलो.

“कालेज?”

“सांगलीचं,” मी म्हणालो.

कॉलेजचं नावही सांगितलं. दहा दिवस पेपर लिहायला गेलो होतो, तेवढंच माझं कॉलेज. शेजारी हेडमास्तर माझी गुणपत्रिका वाचत होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘बहिःस्थ’ छापलेलं होतं. त्यांची नजर तिथं थांबली, मग माझ्याकडे वळली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि अध्यक्षांना म्हणाले, “कागद ठीक आहेत.” त्यांच्याकडे इतिहासाचे वर्ग जूनपासून मास्तरावाचून होते, हे मला नंतर कळलं.

अध्यक्ष मनानं वाईट नव्हते. त्यांनी माझ्या सोबत्याला परत आत बोलावलं आणि समोर बसवून निकाल सांगितला.

“मास्तर, वाईट वाटून घिऊ नका. कालेजात शिकलेल्याची गोष्टच येगळी असती.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमीच सांगा, व्हय का न्हाई?”

तो माझ्या हातभर अंतरावर बसला होता. सांगलीत तो माझ्या मागच्याच बाकावर होता. एका शब्दात माझं पितळ उघडं पाडू शकला असता.

“होय साहेब,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. मग अध्यक्षांना म्हणाला, “खरं हाय साहेब. ह्यो माझ्यापरीस लय हुशार हाय. मानूस चांगला निवडला तुमी.”

ती नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली. त्या दिवशी त्यानं मला उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या पदवीला हसणाऱ्यांत मीही होतो, एवढं तरी चारचौघांना कळलं असतं.