बिनकापराची आरती

आमचे हे, म्हणजे खोपोलीच्या वीजघरातले कारकून सदूभाऊ, एका जागी दहा मिनिटं बसलेले मला आठवत नाहीत. जेवता जेवता उठायचे, वहीत काहीतरी खरडायचे, पुन्हा पाटावर. अन्न निवून जायचं. सगळं त्या पेटीपायी. कलकत्त्याहून टपालानं मागवलेली, होमिओपाथीच्या चाळीस बाटल्यांची.

ती आली नि घरातून कांदा गेला, हिंग गेला, देवापुढचा कापूरही गेला. का, तर उग्र वासानं म्हणे औषध मरतं! "अहो, आरती बिनकापराची?" म्हणून सहा वर्षं मी भांडले. ऐकतंय कोण!

ज्याला त्याला गाठून सांगायचे. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, एका जर्मन डॉक्टरनं धडधाकट असताना सिंकोना नावाच्या झाडाची साल खाल्ली, नि त्याला हिवतापासारखी हुडहुडी भरली. हिवतापावर तीच साल देत. म्हणजे निरोग्याला जे आजारी पाडतं, तेच त्या आजाराचं औषध. फक्त द्यायचं थोडं. थेंबभर अर्क शंभर थेंब पाण्यात हलवायचा, त्यातला एक थेंब पुन्हा शंभरांत, असं कितीदा तरी. "जितकं कमी, तितकं जोराचं!" हे ओरडून सांगायचे. स्वतःवरही प्रयोग चालायचे. "डाव्या गुडघ्यात मुंग्या आल्या," म्हणून लिहून ठेवायचे. दिवसभर पाय आपटत फिरल्यावर दुसरं काय होणार, कपाळ!

आश्विनात डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली चिमा तिच्या भागीला घेऊन आली. सहा वर्षांची पोर, थंडीतापानं कुडकुडत होती. ह्यांनी कागदात तीन गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी चिमा काकड्या घेऊन हजर, ताप उतरला म्हणून. हे हरखले. वही उघडली.

"गोळ्या कधी दिल्यास गं?"

"दिल्या नाय, दादा. तुमीच म्हनलात ना, कमी तितकं जोराचं? मंग अजाबात दिल्या नाय. गल्यात बांधल्यात."

मला हसू फुटलं. ह्यांनी न लिहिताच वही मिटली.

ताप एक दिवसाआडचा होता. तिसऱ्या दिवशी वाडीतून निरोप आला, भागी बरळतेय. हे दारापासून तुळशीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. "गोळी न खाता उतरला गं. मग वहीतले बाकीचे कशानं बरे झाले?"

"वही घाला चुलीत! पोर हातची जाईल!"

टपालकचेरीत तेव्हा हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या मिळत. असलं जहाल औषध विकता म्हणून हे पोस्टमास्तरांशी कितीदा भांडले होते. त्याच दारात हे अनवाणी गेले, पुड्या घेतल्या नि तडक डोंगर चढले. कोयनेल म्हणजे त्याच सालीचा अर्क, पण थेंबाथेंबानं नाही, चांगला कडूजहर. भागी थुंकली, तेव्हा आधी स्वतः चाटून दाखवला. दहा मिनिटं न बसणारा माणूस चार दिवस तिच्या गोधडीशी बसून होता.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला परतले. "भागीनं भाकर मागितली," म्हणाले. पाय धुतले, पेटीकडे पाहिलंच नाही.

"आज कापूर लाव."

शेजारच्या बायजाकडून दोन वड्या आणल्या. सहा वर्षं ह्याच कापरासाठी भांडले होते मी. पण ह्यांचा उतरलेला चेहरा पाहिला नि मला काडी ओढवेना. शेवटी ह्यांनीच ओढली.