परातीसकट जावई

नाव : सावळीराम कोंडाजी. राहणार : मखमलाबाद शिवार, नाशिक. वय : चार सिंहस्थ पाहिलेले. व्यवसाय : भाजीपाला पिकवणे. विशेष कार्य : शेपू या पालेभाजीच्या पोषणमूल्यांचा प्रसार (अवैतनिक, नेमणूक कोणी केली याची नोंद नाही). स्वभाव : शेपूचा विषय निघेपर्यंत शांत.

विहिरीलगतच्या वाफ्यांत शेपू लावायचा ही रीत सावळीरामाच्या वडिलांपासूनची. शेपूच्या वाटेला कीड सहसा जात नसे. किडीला एवढी ताकद सोसत नाही, असा सावळीरामाने त्याचा अर्थ लावला होता. गिऱ्हाइकालाही ती सोसत नसावी. त्याची बायको कुसाबाई गोदाकाठच्या बाजारात बसे तेव्हा मेथी सकाळीच संपे आणि शेपू संध्याकाळी तिच्यासोबत घरी परत येई.

पुढे गंगापूर रोडला सोसायट्या उठल्या आणि तिथल्या बायका पालक मागू लागल्या. पालकात लोह असतं, असं कुठल्याशा पेपरच्या पुरवणीत आलं होतं. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कुसाबाईने टोपली खाली ठेवता ठेवता निकाल देऊन टाकला.

"औंदा इहिरीजवळ पालक."

"पालकात काय हाय? निस्तं पानी."

"लोह हाय म्हनत्यात."

"शेपूत त्याच्या दुप्पट हाय."

"कोनी मोजलं?"

प्रश्न गैरसोयीचा होता. सावळीरामाचे आकडे बोलता बोलता तयार होत. बाजाराच्या सुरुवातीला दीडपट असलेलं लोह बाजार उठेपर्यंत तिप्पट होई. पण वडिलांचे वाफे जाताना दिसले, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मोजू की."

मोजायला माणसं लागतात, आणि ती आयतीच येणार होती. त्या वर्षी ज्येष्ठात अधिक महिना होता. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं आणि तो नको म्हणेपर्यंत वाढायचं असतं. जावयाने वाढलेल्याला नाव ठेवायचं नसतं. प्रयोगाला याहून सोयीचा प्राणी मिळणं अवघड. ठरलं असं : थोरल्या लासलगावच्या जावयाला कुसाबाईने आठवडाभर पालक घालायचा, धाकट्या निफाडच्या जावयाला सावळीरामाने शेपू. ज्याचा जावई वजनात जास्त वाढेल, वाफे त्याचे.

दोघे जावई आले. निफाडकरांच्या द्राक्षबागेची छाटणी उरकली होती, आणि लासलगावकरांना सासरच्या आमरसापुढे कांद्याचे लिलाव गौण वाटत. फ्लॉवरची पोती तोलायचा काटा अंगणात मांडून सासऱ्याने दोघांना त्यावर उभं केलं, तेव्हा मात्र ते चपापले.

"मामा, हे काय?" निफाडकरांनी विचारलं.

"काय नाय, पाव्हणं. काटा बरोबर चालतो का बघतोय."

आठवडा जेवणात गेला. सावळीराम जातीने शेपू वाढी, मान एका बाजूला वळवून, जणू देवाच्या नैवेद्याला आपली नजर लागू नये म्हणून. निफाडकरांनी पहिला घास पाण्यासोबत गिळला. दुसऱ्या दिवशी लासलगावकरांनी हळूच विचारलं, "साडूभाऊ, ढेकर कसा येतोय?"

"तुम्हाला ऐकू येत नाय का?"

"ऐकू येतंय. वासही येतोय."

सासरा पाठमोरा झाला की दोघेही भाजी ताटाच्या कडेला सारत, तिच्यावर पोळी झाकत आणि आमरसाची वाटी पुढे करत. पालकाचं लोह आणि शेपूची ताकद मागच्या दाराच्या शेळीला मिळत होती. शेळीला काट्यावर कोणी चढवलं नाही, नाहीतर या विषयात भर पडली असती.

तोलायचा दिवस उजाडला. सावळीरामाने निफाडकरांना सकाळपासून ताक पाजायला घेतलं. "ऊन लय हाय," असं म्हणत त्याने तांब्यामागून तांब्या रिचवायला लावला. ते काट्यावर चढले तेव्हा पोटातून आवाज येत होता. वजन चांगलंच भरलं. सावळीरामाने वाफ्यांकडे मालकाच्या नजरेने पाहिलं.

मग लासलगावकर आले. नवा सदरा, नवी टोपी आणि हातात अनारशांनी भरलेली पितळी परात. परात साधी नव्हती. कुसाबाईच्या आईने लग्नात दिलेली, दोघांनी उचलावी अशी.

"आगं, ती परात खाली ठेवाय सांग त्यांना."

"वाण हाय त्ये. भुईला टेकवायचं नसतं."

"मंग तोलायचं कसं? परातीसकट?"

"तुमी बाजारात फ्लॉवर कसा तोलता? पाल्यासकट ना? मंग माजा जावई परातीसकट."

 फ्लॉवर सावळीराम पाल्यासकटच तोलत आला होता, आणि तो पाला निवडताना कधी विरळ केला नव्हता. लासलगावकर परात सांभाळत चढले. दांडी खाडकन वर गेली. ताकाने पितळेपुढे हात टेकले.

वाफे गेले. पावसाच्या तोंडावर कुसाबाई पालकाचं बी भिजवायला बसली, तेव्हा सावळीराम तिच्याजवळ उकिडवा बसला. मागायची सवय नसल्यामुळे तो बियांकडेच बघत बोलला.

"येक वाफा ऱ्हाऊ दे शेपूला."

"बाजारात न्यायची नाय मी."

"बाजारात कशाला? घरी खायला."

कुसाबाईचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा बियांकडे पाहिलं.

"घरी खायला म्हनता?"

"हा. आपल्यापुरता."

"बरं," ती म्हणाली. इतक्या लवकर ती कधी बरं म्हणत नसे, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

वाफा राहिला. शेपू दाट आला, हिरवागार, कीड नाही. ज्या दिवशी पहिली जुडी निघाली त्या दिवशी दुपारी त्याच्या ताटात भाकरी, ठेचा आणि वाटीभर शेपू आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी मुगाची डाळ घालून आला.

"खा की," कुसाबाई समोर बसून म्हणाली. "पालकाच्या दुप्पट हाय."

नोंद पूर्ण व्हावी म्हणून : सदर इसमाला लहानपणापासून शेपूच्या वासाने मळमळत असे.