माहेर विकणे आहे

परदेशातल्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या त्या घराला आम्ही माहेर म्हणायचो आणि शेजारचे आजोबा त्याला नन्सचं कॉन्व्हेंट समजायचे. त्यांचं तरी काय चुकलं? चार बायका, घरात अनवाणी, सकाळी उदबत्तीचा वास, आणि पुरुष कधी दाराच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नाही. एकदा त्यांनी कुंपणावरून विचारलंच, "आर ये नन्स?" आमच्यातली मोठी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ट्रेनी." तेव्हापासून आजोबा आमच्यादेखत शिवी देत नसत.

मोठी ही त्या घरातली पहिली भाडेकरू. मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. नोकरीसाठी एकट्या आलेल्या मराठी मुली तिने एकेक करून इथे गोळा केल्या आणि नियम घातले. पुरुष दारापर्यंतच. भांडण झोपायच्या आत मिटवायचं. आणि लग्न ठरलेली मुलगी याच घरातून ओटी भरून निघणार. मुली निघत गेल्या, नव्या येत गेल्या. मोठीही लग्न करून जवळच्याच ल्यूकनला गेली. तिची ओटी मी भरली, सुपरमार्केटातून आणलेला नारळ आतून नासका निघाला, तेव्हा ती म्हणाली, "बघ, सासूचा स्वभाव कळला." पुढे पुढे नव्या मुली थेट नवरा बरोबर घेऊनच यायला लागल्या आणि आमच्या संस्थेला नवी भरतीच मिळेना. शेवटी त्या घरात मी एकटी उरले.

मग घरमालकिणीचा फोन आला. बाई राहते दूर पोर्टलीश गावाला, फार प्रेमळ. "घर विकायला काढतेय गं, लव्ह," असं तिच्या भाषेत म्हणाली.

मी ही बातमी आमच्या 'माहेरवाशिणी' ग्रुपवर टाकली आणि एकच कल्लोळ झाला. वर्षानुवर्षं फिरकल्या नव्हत्या त्यांना अचानक उमाळे आले. विकते म्हणजे काय? आमचं घर ती कोण विकणार? मागची वरची खोली माझी आहे, एक म्हणाली. दुसरीने कढीपत्त्याच्या कुंडीवर हक्क सांगितला. भाडं भरणारी एकटी मी, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मी लिहिलं, "मीच विकत घेते." बँकेशी बोलणं आधीच झालं होतं. मला ते घर हवं होतं, अगदी मनापासून. या देशात मला अंधारात दिव्याचं बटण फक्त त्याच घरात सापडायचं.

मग एकीने शंका काढली, "माहेर घेणारी आपली कोण लागणार? भाऊ की वहिनी?" चर्चा होऊन वहिनी ठरली, कारण भाऊ नुसता बसून असतो, काम वहिनीच करते. पाठोपाठ माझी कर्तव्यं आली. दिवाळीला बोलवायचं, बाळंतिणीला ठेवून घ्यायचं, निघताना पिशवीत काहीतरी घालायचं. घर हातात यायच्या आधीच मला अर्धा डझन नणंदा झाल्या.

बोली सुरू झाली आणि घर विकून देणारा एजंट फोन करून सांगू लागला की आणखी एक लेडी आहे आणि तिने माझ्या बोलीवर चढवलंय. मी चढवायचे, ती चढवायची. मला झोप लागेना. रोज ग्रुपवर मी त्या बाईचा उद्धार करत होते. भवानी, सटवी, डाकीण, सगळं झालं. सगळ्या माझ्या बाजूने तिला बोल लावायच्या. मोठी मात्र फक्त हात जोडलेला इमोजी टाकायची.

शेवटी एजंटने सांगितलं की ती लेडी शनिवारी घर पुन्हा बघायला येणार आहे, तेवढा वेळ मी बाहेर राहावं. मी गेले बाहेर. म्हणजे शेजारी. आजोबांच्या खिडकीत चहाचा मग घेऊन बसले. भवानीचं तोंड तरी बघू.

गाडी थांबली. मेजर टेप घेऊन मोठी उतरली.

मी चहा तिथेच ठेवला आणि माझ्याच घरात घुसले. ती स्वयंपाकघरात खिडकी मोजत होती. एजंट बिचारा दोघींकडे बघून म्हणाला, "यू टू नो ईच अदर? ग्रँड!" आणि फोनचं निमित्त करून बाहेर सटकला.

"भवानी मीच," मोठी म्हणाली.

"ल्यूकनचं एवढं घर आहे की तुझं!"

"आहे ना. पण तिथून रुसून जाऊ कुठे?" ती टेप गुंडाळायला लागली, तो काही नीट गुंडाळला जाईना. "आई गेली, भावाने घर बिल्डरला दिलं. सासूबाई कोल्हापूरहून आल्यात, सहा महिने हलणार नाहीत. परवा मी रागाने गाडी काढली आणि पार्किंगमध्ये बसून परत आले. भांडायचं तर पाठीशी एक घर लागतं गं."

मला तिचा संताप आला होता आणि त्याच क्षणी रडूही आलं. शेवटी ठरलं. घर मी घ्यायचं, मागची खोली तिची. तिने बोली मागे घेतली. तोवर आम्ही दोघींनी मिळून घरमालकिणीचं मात्र भलं करून ठेवलं होतं.

घर माझं झालं आणि महिन्याभरातच मोठी बॅग घेऊन आली, सासूशी कडाकडा भांडून. आली ती नणंद होऊनच आली. माझं प्रेस, म्हणजे इथलं कपाट, तिने उपसून डबे उलटे लावले. फ्रिजवर टीका केली. माझ्या आमटीत माझ्यादेखत गूळ घातला. मी म्हटलं, घर कुणाचं आहे? ती म्हणाली, "माहेर माहेरवाशिणीचं असतं. वहिनीने जास्त बोलू नये."

मी बॅग भरली. स्वतःच्या घरातून रुसून निघाले. गाडीत बसल्यावर कळलं, सगळ्यांच्या माहेराची मालकीण मी, पण मला जायला माहेर नाही. क्लोनडॉकिनमध्ये दोन चकरा मारल्या आणि दुसरं काही सुचेना म्हणून ल्यूकनला गेले.

दार मोठीच्या सासूबाईंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, बॅगकडे बघितलं.

"रुसून आलीस व्हय गं?"

मी मान हलवली.

"कोन तरास देतंय तुला?"

"तुमची सून."

म्हातारीचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. माझ्या हातातली बॅग तिने हिसकावूनच घेतली.

"आगं माझी बाय ती! ये आत. पैल्यापास्नं सांग."