रिंकच्या कोब्यातले खड्डे

आमच्या पेणमध्ये एकेकाळी रोलर स्केटिंगचा रिंक होता असं सांगितलं की लोक आधी हसतात. पेण म्हणजे गणपती आणि पापड, तिथे चाकं बांधून घसरायला कोण जात होतं, असा त्या हसण्याचा अर्थ. समोरचा माणूस गावातला आणि जरा जुना असला तर म्हणतो, "हो हो, होता खरा. एका मुलीचा हात मोडला ना तिथे, म्हणून बंद केला." ती मुलगी मी. आणि रिंक माझ्या हातामुळे बंद झाला नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की घरातले विषय बदलतात. बदलू देत. मी पुन्हा सांगणार.

रिंक बांधला तो एका म्हाताऱ्या काकांनी. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्याच कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी ही मंडळी तेलाच्या घाण्या चालवत आणि शनिवारी घाणी बंद ठेवत, म्हणून जुने लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काकांच्या घरची घाणी कधीच मोडली होती, पण तिचं आवार तसंच पडून होतं. काकांनी मुंबईत बांधकामावर मुकादम म्हणून नोकरी केली, तिथे कुठेतरी मुलांना स्केटिंग करताना पाहिलं, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर १९९०च्या सुमारास त्या आवारात स्वतः उभं राहून कोबा घालून घेतला. भोवती पाइपचा कठडा, चार खांबांवर दिवे, आणि कोपऱ्यातल्या खोलीत चामडी पट्ट्यांचे स्केट्स. कोबा असा घोटलेला की मूठभर वाल सांडले तर घरंगळत पार कठड्यापर्यंत जायचे.

शनिवारी रिंकला दिवसभर कुलूप. संध्याकाळी आभाळात तारे दिसले की काकांचा शनिवार संपायचा आणि ते किल्ली घेऊन यायचे. आम्ही मुली कठड्यावर बसून माना वर करून तारे शोधायचो. "काका, तो बघा तारा!" "विमान हाय गो ते," काका म्हणायचे आणि परत खुर्चीत बसायचे. ढगाळ दिवशी तर आमची त्यांच्याशी खरोखर भांडणं व्हायची. ते एक शनिवार सोडले तर त्या माणसाने आम्हाला कधी अडवलं नाही.

आता तो रिंक माझ्यासाठी काय होता ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. माझ्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे आमचं घरच. पडवीत गणपती, माजघरात गणपती, जिन्याखाली गणपती. ओले, अर्धे रंगवलेले, डोळे न काढलेले. धक्का लागला की सोंड गेली, पदर लागला की रंग गेला. मी चालायला शिकले तेव्हापासून माझ्या कानावर एकच शब्द पडत आला, सावकाश. सावकाश ये, सावकाश वळ, सावकाश बस. बाहेर गेलं तर मुलीच्या जातीने सावकाश चालावं म्हणून पुन्हा तेच. अख्ख्या गावात एक कोबा असा होता जिथे मला कुणी सावकाश म्हणत नव्हतं. मी तिथे सुसाट जायचे. कानात वारा भरायचा आणि पोटातून हसू यायचं. मला दुसरं काही नको होतं. मला फक्त तेवढी जागा हवी होती.

काकांची मुलं आधीच इस्रायलला गेली होती. वय झालं तेव्हा काकाही निघाले. जाताना त्यांनी जागा आळीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या नावावर करून दिली. मंडळी जमली होती, काकांनी कोब्यावर उभं राहून सांगितलं, "मुलांना खेळू द्या. आणि यात काही ठोकू नका. एकदा भोक पडलं की गेला म्हणून समजा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळाचे अध्यक्ष तर म्हणाले, "काका, तुम्ही बिनघोर जा." माना डोलवायला आमच्याकडे काही पैसे पडत नाहीत. काका बिचारे त्या डोलावलेल्या मानांवर विश्वास ठेवून गेले.

त्याच भाद्रपदात मंडप रिंकवर आला. आधी तो आळीच्या तोंडाशी असायचा, चिखलात. आता आयती स्वच्छ जागा मिळाली. मी शाळेतून येत होते तर लांबूनच छिन्नी-हातोड्याचा आवाज आला. बांबू रोवायला कोब्यात खड्डे पाडणं चाललं होतं. मी दप्तरासकट आत धावले आणि अध्यक्षांना म्हटलं, "काकांनी ठोकू नका सांगितलं होतं. ड्रममध्ये वाळू भरून त्यात बांबू उभे करा ना."

"एवढा उपद्व्याप कोण करतो गो?" ते म्हणाले. "देवाचं काम हाय. देवाच्या कामात आडवं येऊ नये."

झालं. यानंतर पेणमध्ये कुणी बोलत नाही. अर्ध्या गावाची चूल गणपतीवर पेटते, आमचीही पेटायची. गणपतीच्या नावावर आमच्याकडे काहीही खपतं. खुद्द गणपतीला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बाबांनो, ड्रम आणा. पण त्याला कोण विचारतो!

विसर्जनानंतर मंडप निघाला आणि कोब्यावर रांगेने खड्डे राहिले. मी घरी येऊन रडले. बाबा म्हणाले, "त्यात रडायचं काय? भरून देतो." आणि पीओपीची गोणी खांद्यावर टाकून निघाले. आमच्या गावाची ही खोड आहे. भिंतीला भेग गेली, पीओपी. चौकटीचा तुकडा उडाला, पीओपी. सिमेंटला गवंडी बोलवा, रोज पाणी मारा, कोण करणार? हा माल चहा पिऊन होईतो घट्ट होतो. बाबांनी माल कालवला, मूर्तीला बळकटी म्हणून घालतात तो काथ्या त्यात घातला, खड्डे भरले, पत्र्याने सपाट केले, वरून कानस मारली. कोब्याशी मिळावा म्हणून मालात करडा रंगसुद्धा घातला. काम इतकं सफाईचं झालं की रोज रिंक झाडणाऱ्या मलाही खड्डा कुठे होता ते सांगता येईना. मला त्या दिवशी बाबांचा फार अभिमान वाटला होता. ते आठवलं की राग दुप्पट होतो.

गणपतीच्या अंगाला जे चालतं ते जमिनीला चालत नाही. खालून ओल चढली, आतला माल भुसभुशीत झाला, वरचा पापुद्रा तेवढा छान राहिला. थंडीतल्या एका संध्याकाळी मी वळणावर पूर्ण वेगात असताना पुढचं चाक त्या पापुद्र्यातून आत गेलं आणि मी हातावर पडले. हाडाचा आवाज मला ऐकू आला. उघडा खड्डा असता तर मी वळसा घालून गेले असते. हा आमच्या माणसांनी प्रेमाने बुजवलेला खड्डा होता, तो मला दिसणार कसा?

मंडळाची सभा भरली. अध्यक्षांच्या मनात त्या जागेवर मंगल कार्यालय आणि खाली दुकानांचे गाळे बांधायचं केव्हापासून घोळत होतं, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निमित्त मिळत नव्हतं, माझा हात आयताच मिळाला. मला गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत सभेत बोलावलं, सगळ्यांना दाखवायला.

"बघा पोरीची दशा," अध्यक्ष म्हणाले. "उद्या हिचं लग्न करायचंय. हात वाकडा राहिला तर कोण बघणार? हे चाकांचं खूळ बंद केलेलं बरं."

मी म्हटलं, "चाकांमुळे नाय पडले. तुमच्या बांबूच्या खड्ड्यात पडले."

"खड्डा? कुठं हाय खड्डा? दाखव बघू."

सभा रिंकवरच सतरंज्या टाकून चालली होती. मी उठले आणि वळणापाशी गेले. तिथे खड्डा नव्हता. मी दवाखान्यात पडले होते तेवढ्यात तोही बुजवला गेला होता, करड्या रंगासकट. असं काम करणारा माणूस सभेत तिसऱ्या रांगेत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

बाबा सतरंजीकडे बघत म्हणाले, "पोरगी घाबरलीय. तिला काय आठवत नाय."

मंडळाची मोठी मूर्ती दरवर्षी आमच्याकडून जायची. अध्यक्षांच्या शब्दावर आजूबाजूच्या मंडळांच्या मूर्तीही जायच्या. ते सगळं मला तेव्हाही कळत होतं, लोक समजतात तेवढी मी लहान नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ, असं आई रात्रभर मला समजावत होती. पण दात माझ्याच ओठात रुतले होते, त्याचं त्यांना काय. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि माझ्या बापाने ती होऊ दिली. रिंकला कुलूप लागलं.

मे महिन्यात बाबांनी मला रोह्याला मामाकडे पाठवलं. "आंबे खा, हवापालट होईल," म्हणाले. मामा तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर. मी चार दिवस निवांत राहिले, मला काही शंका आली नाही. एके दुपारी मामा पहिली शिफ्ट करून आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "तुमच्या रिंकचं काम काढलं म्हणे. आमच्यात एक पेणवरून शटलने येतो, तो सांगत होता. कोबा फोडतायत, पण फुटत नाय."

मामी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. तेव्हा मला कळलं की मला रोह्याला कशासाठी धाडलं होतं, आणि हे मामीलाही ठाऊक होतं. मी पिशवी भरली. "जेवून तरी जा गो," मामी म्हणाली. मी तडक स्टेशन गाठलं. गाडी वाटेत कासू स्टेशनला क्रॉसिंगसाठी थांबली ती हलेचना. मी दारात उभी राहून ड्रायव्हरला, रेल्वेला, मामीला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

स्टेशनवरून मी तशीच रिंकवर गेले. कठडा काढून भिंतीला लावला होता. दोन गडी उघड्या अंगाने घण घालत होते आणि घण उडून परत येत होता. धोक्याची, धोक्याची म्हणून ज्या जागेच्या नावाने सभा भरवली, तिचाच कोबा फुटता फुटत नव्हता. मला मनापासून आनंद झाला. अध्यक्ष सावलीत खुर्ची टाकून बसले होते. आणि गड्यांच्या पुढे, कमरेत वाकून, बोट खाली धरून बाबा चालत होते.

"हितं मार," बाबा म्हणाले. "हितं पीओपी हाय, पहार सरळ जाईल."

गड्याने पहार मारली आणि ती सरळ गेली. मग त्याने जोर लावून बाजूचा कोबा उचकटला. बाबा दोन पावलं सरकले. "आता हितं." त्यांना शोधावं लागत नव्हतं. एकेक खड्डा त्यांच्या बोटावर होता. एकावरून दुसऱ्यावर भेगा जात होत्या आणि कोब्याच्या लाद्या सुटत होत्या.

त्यांनी मान वर केली तेव्हा मी दिसले. बोट तसंच राहिलं. अध्यक्ष खुर्चीतूनच म्हणाले, "आलीस होय? बघून घे मग."

मी वळणापाशी गेले, पडले होते बरोबर त्या जागेवर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, हा राहिला."

पहार हातात धरलेल्या गड्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने सरळ विचारलं, "दादा, तिथं हाय का खड्डा?"

"हाय," बाबा म्हणाले.

अध्यक्षांसमोर म्हणाले, मोठ्याने म्हणाले. सभेत मला त्यांच्या तोंडून तेवढंच हवं होतं. मग गडी पहार घेऊन आला आणि बाबांनी मला बाजूला सरकायला सांगितलं.