जावयाचं वेगळं ताट

महिना होत आला. त्या सकाळी मी नुकतंच दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात शिरूरहून शालनचा फोन आला. शालन म्हणजे माझ्या मेव्हण्याची बायको. "दाजी, आत्या गेल्या," एवढंच ती बोलली. तिच्या आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, आणि माझ्याही. आमच्या भागात जावई सासूला मामी म्हणतो, म्हणून मी त्यांना सगळा जन्म मामीच म्हणत आलो. अशा वेळी माणूस विचारतो की कधी गेल्या, कशानं गेल्या. माझ्या तोंडून निघालं, "रात्री काय खाल्लं होतं?" शालनला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाली, "वाटीभर दूध-लाह्या खाल्ल्या. वाटी सोताच इसळून पालथी घातली आन् झोपल्या. सकाळी उठवाया गेले तर..." मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसलो. खरं सांगतो, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. नव्वदी पार केलेली बाई; ना दवाखाना, ना नळ्या, ना कसली आग. ज्यांनी माझ्या पोटातली आग शमवली त्या अशा शांतपणे गेल्या, याचं त्या घडीला दुःखापेक्षा समाधानच जास्त झालं. दुःख आलं ते मागाहून, सुमननं, माझ्या बायकोनं, फडताळातला लाह्यांचा डबा खाली काढला आणि तो मांडीवर घेऊन बसली तेव्हा.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. मी तेव्हा दौंडला मालगाडीवर गार्ड होतो. सासुरवाडी शिरूरला, म्हणजे लोकांच्या तोंडी घोडनदीला. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, पुढं विहीर पाडून सगळे शेतीला लागलेले. रेल्वेतला जावई मिळाला याचं मामांना, माझ्या सासऱ्यांना, भारी कौतुक. चार माणसांत ते मला मुद्दाम गाड्यांच्या वेळा विचारायचे, स्वतःला कुठंही जायचं नसलं तरी. मामींचं कौतुक मात्र दिसायचं नाही, कारण मामीच दिसायच्या नाहीत. जुन्या वळणाप्रमाणे सासूनं जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहायच्या. मला पदराचं टोक आणि हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसायचा, आणि प्रश्न सुमनच्या मार्फत यायचे. "इचार गं त्यास्नी, तिखट बेतानं पडलंय का?" मीही पाहुण्याला शोभेल असं उत्तर द्यायचो, "सांग, छान झालंय."

पहिल्याच खेपेला कोंबडीचा रस्सा होता. काळा मसाला, वर बोटभर तर्री. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ताट चाटूनपुसून लख्ख केलं, कारण सासुरवाडीत ताटात टाकणं मला जमण्यासारखं नव्हतं. ते लख्ख ताट आत गेलं आणि दाराआड ठरून गेलं की जावयाला झणझणीत लागतं. पुढच्या खेपेला मसाला वाढला. मी पुन्हा ताट पुसलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वाढला. भावकीत नाव झालं की यांचा जावई लई तिखटाचा, आणि मामींना त्याचा कोण अभिमान! माझ्यासाठी म्हणे चटणीसुद्धा वेगळ्या मिरचीची कुटली जायची. सुमन आतबाहेर करता करता माझ्याकडे बघायची आणि मी डोळ्यांनीच तिला गप्प करायचो.

इकडे दौंडला माझं पोट केव्हाचंच बिघडलेलं होतं. मालगाडीच्या गार्डाला जेवणाची वेळ कशी ती ठाऊकच नसते. ड्यूटीचा निरोप आला की ताटावरून उठायचं, आणि पुढं कुठल्या तरी आडबाजूच्या स्टेशनात गाडी तासन्‌तास उभी. मग चहामागून चहा, फलाटावरची भजी, आणि डब्यातली भाकरी पार वाळून गेल्यावर तिची आठवण. लग्नाआधीची वर्षं खानावळीत गेलेली. आधी छातीत जळजळ सुरू झाली, मग जेवलं की बेंबीच्या वर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, मग उलट्या. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर शांत, समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी औषध दिलं, पुण्याला धाडून खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजून फोटो काढवले, आणि फोटो उजेडाकडे धरून म्हणाले, "जठराच्या अस्तराला चांगलीच सूज आहे. चहा, तंबाखू, तिखट, तेलकट सगळं बंद. मऊ खा, थोडं थोडं खा, वेळेवर खा. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. असंच दिसलं तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

ऑपरेशन या शब्दानं माझी झोप उडाली. सुमनला दिवस गेले होते. पोट फाडलेला माणूस टेबलावरून उठतो की नाही, उठला तर पुन्हा गाडीवर जातो की नाही, याच्या नाना कथा कॉलनीत फिरत असायच्या आणि मी त्या मन लावून ऐकायचो. पण घाबरलो म्हणून सुधारलो असं नाही. सुमन घरी मऊ भात आणि मुगाचं वरण करायची, मी ते नाक मुरडत गिळायचो, आणि गाडीवर गेलो की पहिले पाढे पंचावन्न. तिला मात्र शपथ घातली होती की तुझ्या माहेरी यातलं अक्षर कळता कामा नये. झणझणीत खाणारा गडी म्हणून नाव झालेलं, ते घालवायचं कसं?

अशात धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, आहेर करायचा, अशी रीत. ओसरीवर पंगत बसली. भावकीतले आणखी जावईही होते. ताटात तुपात न्हालेले धोंडे, भजी, कुरडया, कटाची आमटी... आणि दाराआडून आवाज, "सुमे, त्यांची आमटी येगळी काढलीया. जरा चढी हाय." खास माझ्यासाठी! दोन घास कसेबसे गेले. तिसऱ्याला पोटात असं काही पेटलं की मी भरल्या ताटावरून उठलो, मागच्या अंगणात गेलो आणि हौदाच्या कडेला ओकलो. तिथंच कठड्याला धरून बसलो. मागं पावलं वाजली. मला वाटलं सुमन असेल. बघतो तर मामी. डोईवर पदर, हातात पाण्याचा तांब्या. लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं आणि त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. सुमनचंच नाक, सुमनचेच डोळे.

"कवापास्नं हाय ह्ये?" त्यांनी थेट मलाच विचारलं.

"झालं वर्षभर."

"मग बोलला का न्हाई? दर खेपंला इचारत व्हते की मी. तुम्ही आपलं छान झालंय, छान झालंय."

मी तोंड पुसलं. त्या तांब्या खाली ठेवून समोर बसल्या. आवाज बारीक झाला. "म्हंजी मीच जाळत व्हते व्हय तुमास्नी..." मी म्हटलं, "तुमचा कसला दोष, मामी. मलाच सांगायची लाज वाटली." तशा एकदम उठल्या. "लाज गेली चुलीत. डाक्टर काय काय म्हणलं त्ये सांगा. एक बी गोष्ट गाळू नगा." मी शाळेतल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्ये म्हणत्यात तसंच करायचं. औशिद त्यांचं, रांधणं माझं. फकस्त हितनं पुढं माझ्या घरात खोटं बोलायचं न्हाई. अळणी लागलं तर अळणी म्हणायचं, नको तर नको म्हणायचं. कबूल?" मी मान डोलावली.

थोड्या वेळानं त्या स्वतः ओसरीवर आल्या आणि सगळ्यांदेखत माझ्या पुढ्यात ताकातल्या ज्वारीच्या कण्यांची वाटी ठेवली. भावकीतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं, धोंड्याच्या महिन्यात जावयाला कण्या? लोक काय म्हणत्याल?" मामींनी वळूनही पाहिलं नाही. "लोकास्नी धोंडं वाढल्यात की. माझा जावई जगला तर म्होरल्या खेपंला खाईल धोंडं." पंगत पुन्हा जेवायला लागली. सुमन दारात उभी राहून रडत होती, आणि माझ्या अंगावरचं केवढं ओझं उतरलं ते मला कण्या खाताना हळूहळू कळत गेलं.

मी आजारपणाची रजा टाकून शिरूरलाच राहिलो. घरजावई झालो म्हणून गावानं चेष्टा केली, केली तर केली. सकाळी थंड दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या लाह्या, दुपारी कण्या नाहीतर मऊ भात आणि वर साजूक तूप, भाजी दुधीची किंवा दोडक्याची, तीही नुसत्या जिऱ्याची. एका वेळी पोटभर असं काही नाही, दोन-दोन तासांनी वाटी यायची. चहा मागितला की धने-जिरे भिजवलेलं पाणी समोर यायचं, आणि ते मला शेवटपर्यंत आवडलं नाही. मी कबूल केल्याप्रमाणे खरं बोलायचो, "मामी, अळणी आहे." त्या म्हणायच्या, "अळणीच हाय. खावा." त्यांचंही एकदा चुकलं. कुणाचं तरी ऐकून शिळं आंबट ताक दिलं, त्यानं दिवसभर तळमळलो, तेव्हापासून ताक ताजं आणि गोडच. वेगळ्या चुली कुठं घालायच्या म्हणून सगळं घर माझ्यासारखंच जेवत होतं. मामा वैतागून म्हणायचे, "प्वाट पाव्हण्यांचं आन् उपास माझा." चमत्कार वगैरे काही झाला नाही. चार दिवस बरे जायचे, एक वाईट यायचा, आणि डॉक्टरांचं औषध घड्याळ लावल्यासारखं चालूच होतं. पण वाईट दिवस विरळ होत गेले.

सुमन बाळंतपणासाठी माहेरीच राहिली. मी दौंडला परत निघालो तेव्हा मामींनी स्टोव्हवर कण्या कशा शिजवायच्या ते समोर बसून करून घेतलं आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात लाह्या भरून दिल्या. डबा रिकामा झाला की शिरूरच्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली करायचा, तो भरून परत यायचा. गार्डाच्या डब्यात बसून मी थर्मासमधलं थंड दूध लाह्यांवर ओतायचो, आणि सोबती खिडकीतून डोकावून विचारायचे, "काय गार्डसाहेब, आज चिमण्यांचा खुराक का?" मीही हसायचो. भज्यांचा वास आला की जीव जायचा, नाही असं नाही. पण मामींना खोटं सांगावं लागेल या विचारानं हात आवरायचा.

मुलीच्या बारशाच्या सुमाराला पुन्हा फोटो काढले. डॉक्टर ते बराच वेळ न्याहाळत होते आणि मी त्यांचा चेहरा. "सूज उतरलीय," ते म्हणाले. "ऑपरेशनचं आता मनातून काढून टाका. एवढं पथ्य पाळलंत कसं?" मी म्हटलं, "औषध तुमचं, रांधणं सासूबाईंचं." ते हसले. "दोन्ही चालू ठेवा." मी बाहेर येऊन दौंडच्या फलाटावर एका बाकावर बसलो आणि गाड्या येताजाताना बघत राहिलो. त्या दिवशी मला इंजिनाचा धूरही गोड लागला. दुसऱ्या दिवशी शिरूर गाठलं. मामी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मामी, ऑपरेशन टळलं." सूप हातातच राहिलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, उठल्या, माझ्याशी एक अक्षर न बोलता आत गेल्या... आणि थोड्या वेळानं दाराआडून आवाज आला, "सुमे, इचार त्यास्नी, थोडं पुरण शिजवू का?"

पोट बरं झालं आणि मामी पुन्हा दाराआड गेल्या. पुढच्या धोंड्याच्या महिन्यात मी पंगतीत बसून धोंडे खाल्ले, ते दाराआडूनच वाढायला सांगितलेले. नंतर मेव्हण्यानं नवं घर बांधलं, त्यात स्वयंपाकघराला दारच ठेवलं नाही, तेव्हा त्या फ्रिजच्या आडोशाला उभ्या राहून विचारायच्या. "तिखट तर न्हाई लागलं?" आणि मी खरं तेच सांगायचो. लागलं तर लागलं म्हणायचो. आमचं सगळं नातं त्या एका प्रश्नावर आणि एका उत्तरावर चाललं, आणि मला ते कधी कमी वाटलं नाही.

तेराव्याला शिरूरला गेलो. मांडव, आचारी, दोनशे माणसांचा स्वयंपाक. आमटीचा ठसका रस्त्यापर्यंत येत होता. आता मला बेतानं तिखट चालतं, म्हणून मी घरातल्या पंगतीत बसलो आणि वाढपी येण्याची वाट पाहू लागलो. पण वाढपी मला ओलांडून पुढं गेला. मागून शालन आली आणि तिनं माझ्यापुढं वेगळं ताट ठेवलं. ताकातल्या कण्या, वर तूप, कडेला दोन धोंडे. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आत्यांनी दिवाळीतच सांगून ठिवलं व्हतं. माझ्या तेराव्याला आचारी हात सोडून तिखट घालंल, पाव्हण्यांचं ताट येगळं काढ." नेहमीसारखाच निरोप दुसऱ्याच्या तोंडून आला होता.

मी कण्यांचा एक घास घेतला. शालन बाजूला उभी होती, आत जात नव्हती. मग तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "दाजी, बरं झालंय का?"

जिभेवर जुनंच उत्तर आलं होतं, छान झालंय. मी फ्रिजच्या दिशेनं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग जरा मोठ्यानंच, तिथवर ऐकू जाईल असं म्हणालो, "मीठ कमी आहे."

शालन डोळे पुसत मीठ आणायला आत गेली.